आगाखान राजवाड्याची शैक्षणिक सहल : एक पाठयोजना

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले की प्राथमिक शाळांतून सहलींचे विचार सुरू होतात. सहल म्हणजे अभ्यासातून मिळालेली सुटी नव्हे, तर वर्गाच्या चार भिंतींबाहेर घेतलेला एक पाठ होय, हे तत्त्व सर्व शिक्षकांस मान्य आहे. तथापि प्रत्यक्षात अनुभव निराळा येतो. एका दिवसात पाच-सहा स्थळे पाहावयाची, प्रत्येक ठिकाणी घाईघाईने फिरून मुलांची मोजदाद करावयाची आणि पुन्हा बसमध्ये चढावयाचे, असा क्रम पुष्कळ ठिकाणी चालतो. दुसऱ्या दिवशी 'आमची सहल' या विषयावर निबंध लिहून घेतला जातो. त्यात बसमधील गाणी, वाटेत खाल्लेला चिवडा व कोणाला उलटी झाली यांचेच वर्णन अधिक असते. हा मुलांचा दोष नव्हे. काय पाहावयाचे व कशासाठी पाहावयाचे, हे त्यांस कोणी सांगितलेले नसते.

यास्तव एक दिवस, एक स्थळ आणि एक मुख्य प्रश्न अशी मर्यादा घालून सहल आखावी. प्रस्तुत लेखात पुण्यातील आगाखान राजवाड्याच्या सहलीची अशी योजना दिली आहे. ती इयत्ता पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. शिक्षकांनी आपल्या शाळेची परिस्थिती पाहून तीत योग्य तो फेरफार करावा.

१. स्थळाची निवड

सामान्यतः 'आगाखान पॅलेस' या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू पुण्याच्या पूर्वेस, येरवडा भागात, नगर रस्त्यावर आहे. जिल्ह्याच्या बहुतेक तालुक्यांतून सकाळी निघून सायंकाळी परत येता येते. सुमारे १९ एकरांच्या आवारात भव्य इमारत, हिरवळ, जुने वृक्ष व समाध्या आहेत. मुलांना मोकळेपणाने हिंडता येते आणि वर्ग बसवून पाठही घेता येतो.

परंतु निवडीचे खरे कारण वेगळे आहे. ही वास्तू श्रीमंताचे निवासस्थान म्हणून बांधली गेली आणि पुढे तीच देशाच्या सर्वांत मोठ्या नेत्याचा तुरुंग झाली. बाग तीच, कमानी त्याच, खोल्याही त्याच. घर केव्हा तुरुंग होते, हा प्रश्न दहा-बारा वर्षांच्या मुलाला कळू शकतो आणि मोठ्या माणसालाही विचार करावयास लावतो. हाच या सहलीचा मुख्य प्रश्न समजावा.

२. शिक्षकाजवळ असावयाची माहिती

राजवाडा सन १८९२ मध्ये इस्माइली खोजा पंथाचे इमाम तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी बांधविला. त्यांचा जन्म सन १८७७ चा. म्हणजे वास्तू उभी राहिली तेव्हा त्यांचे वय अवघे चौदा-पंधरा वर्षांचे होते. दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावे, हा बांधकामामागील एक हेतू होता असे सांगितले जाते. इमारतीवर युरोपीय, विशेषतः इटालियन पद्धतीची छाप आहे. तिच्या भोवतीची कमानींची रुंद ओसरी प्रथमदर्शनीच नजरेत भरते.

दिनांक ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत' चा ठराव संमत झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींना अटक झाली. खास आगगाडीने त्यांना चिंचवडपर्यंत व तेथून मोटारीने या राजवाड्यात आणण्यात आले. त्यांच्यासमवेत महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू व मीराबेन यांनाही येथे ठेवण्यात आले. कस्तुरबा व डॉ. सुशीला नय्यर यांना त्याच दिवशी मुंबईत अटक झाली आणि त्यांना दोन दिवसांनी येथे आणले. आवाराभोवती काटेरी तारा व पहारा बसविण्यात आला.

गांधीजींचे पंचवीस वर्षांचे सहकारी व चिटणीस महादेवभाई हे १५ ऑगस्ट १९४२ रोजी, म्हणजे बंदिवासाच्या पहिल्याच आठवड्यात, हृदयविकाराने वारले. त्यांचे वय ५० वर्षांचे होते. त्यांचे दहन आवारातच झाले. त्या जागेवर गांधीजी रोज जाऊन फुले वाहत असत. दिनांक १० फेब्रुवारी १९४३ पासून गांधीजींनी येथे २१ दिवसांचे उपोषण केले. त्या वेळी ते ७३ वर्षांचे होते. दिनांक २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबांचे येथेच निधन झाले. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसविण्यात आली होती. दिनांक ६ मे १९४४ रोजी प्रकृतीच्या कारणास्तव गांधीजींची सुटका झाली. त्यांच्या आयुष्यातील हा अखेरचा कारावास होय.

सन १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथे आगाखान यांनी ही वास्तू भारतीय जनतेस अर्पण केली. कस्तुरबा व महादेवभाई यांच्या समाध्यांची रचना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी केली आहे. गांधीजींच्या अस्थींचा काही अंशही आवारात जतन केलेला आहे. सन २००३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने ही वास्तू राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून घोषित केली.

शिक्षकवर्गास विशेष वाटावी अशी एक आठवण डॉ. सुशीला नय्यर यांनी लिहून ठेवली आहे. या बंदिवासात गांधीजी कस्तुरबांना वाचन, भूगोल इत्यादी विषय शिकवीत असत. विद्यार्थिनीचे वय सत्तरीच्या पुढे होते व शिक्षकाचेही तेवढेच. पाठ केलेली नावे पुष्कळदा स्मरणातून निसटत, तरी पाठ चालू राहत. ज्या वर्गात एखादे मूल 'मला येतच नाही' म्हणून पाटी बाजूला सारते, त्या वर्गात ही आठवण अवश्य सांगावी.

३. पूर्वतयारी : खर्च

पाठाच्या तयारीपूर्वी खर्चाचा विचार करणे अगत्याचे आहे. प्रत्येक वर्गात दोन-चार मुले अशी असतात की, सहलीची वर्गणी जाहीर होताच ती गप्प होतात. एखादी मुलगी 'मला बस लागते' असे सांगते. एखादा मुलगा सहलीच्या दिवशी आजारी पडतो. शिक्षकाने हे आजार ओळखावेत. पैशाअभावी घरी राहिलेले मूल सहलीतून काहीच शिकत नाही, असे मात्र नाही. शाळेत आपली जागा कोठे आहे, हे ते त्या दिवशी शिकते, आणि तो पाठ पुढे वर्षभर पुसला जात नाही.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात. सहलीची रक्कम शक्य तितकी कमी ठेवावी. खाजगी गाडी ठरविण्यापूर्वी एस. टी. च्या आगारात जाऊन शैक्षणिक सहलीसाठी असलेल्या सवलतीची माहिती घ्यावी. भोजन घरच्या शिदोरीचे ठेवावे. कोणी पैसे दिले व कोणी दिले नाहीत, हे वर्गात नावे पुकारून कधीही विचारू नये. कमी पडणारी रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या साहाय्याने, कोणत्याही मुलाचे नाव न घेता, उभी करावी. एवढे करूनही सर्वांना नेणे शक्य नसेल, तर पुण्याची सहल त्या वर्षी रहित करून गावाजवळचा एखादा जुना वाडा किंवा गढी पाहावी. या लेखातील पद्धत तेथेही लागू पडते.

ऊसतोडीच्या हंगामापुरती शाळेत दाखल झालेली मुले सहलीच्या यादीतून पुष्कळदा सुटतात. सहलीचा काळ व गाळपाचा हंगाम एकच असल्याने हा प्रश्न दरवर्षी उद्भवतो. ही मुलेही त्या दिवशी शाळेचीच आहेत, हे लक्षात ठेवून त्यांची नावे यादीत घालावीत.

पालकांची लेखी संमती, वरिष्ठांची परवानगी, प्रथमोपचाराची पेटी, मुलींसोबत शिक्षिका किंवा जबाबदार महिला पालक, या बाबी नियमानुसार पूर्ण कराव्यात. स्मारक उघडण्याची वेळ व प्रवेशशुल्क यांची चौकशी आधीच करावी. मार्गदर्शक शिक्षकाने शक्य असल्यास एकदा स्वतः जाऊन स्थळ पाहून यावे. जे शिक्षकाने पाहिलेले नाही, ते तो मुलांना नीट दाखवू शकत नाही.

४. पूर्वतयारी : पाठ

सहलीपूर्वीच्या आठवड्यात तीन तासिका राखून ठेवाव्यात.

पहिली तासिका घरांविषयी घ्यावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराचा साधा आराखडा काढावा : दार कोठे, चूल कोठे, पाणी कोठे साठवितात, पाहुणा आला तर कोठे बसतो, गोठा असल्यास कोठे. पत्र्याची खोली असो वा चौसोपी वाडा असो, आराखडा काढण्याची रीत एकच. कोणाचेही घर लहान म्हणून दुसऱ्याने हसू नये, याची दक्षता घ्यावी. ज्याने आपले घर असे निरखले आहे, त्यालाच राजवाडा पाहताना प्रश्न सुचतात.

दुसरी तासिका दुष्काळाविषयी असावी. आदल्या दिवशी मुलांना घरी एक काम द्यावे : आजी-आजोबांना 'बहात्तरचा दुष्काळ' आठवतो का, ते विचारून यावे. त्या काळात महाराष्ट्रात रस्ते, पाझर तलाव, नाला बांध यांची कामे निघाली. लोकांनी खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. लहान मुलांना सुकडी वाटली गेली. या आठवणी अनेक घरांत अजून सांगितल्या जातात. त्या वर्गात सांगून झाल्यावर शिक्षकाने म्हणावे, "आपण जो राजवाडा पाहणार आहोत, तो बांधताना दुष्काळी लोकांना काम मिळाले असे सांगतात." म्हणजे दगड-चुन्याच्या इमारतीमागे राबलेले हात मुलांच्या डोळ्यांसमोर येतील. कामाशिवाय अन्न नाही व पावसाशिवाय काम नाही, अशी स्थिती आल्यावर समाजाने काय करावे, हा प्रश्नही येथे सहज निघतो. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा उल्लेख येथेच करावा.

तिसरी तासिका १९४२ च्या प्रसंगाविषयी घ्यावी. वर दिलेल्या हकिकतीपैकी अटक, प्रवास व बंदिवास एवढेच सांगावे. महादेवभाई व कस्तुरबा यांच्या निधनाची हकिकत मात्र राखून ठेवावी. ती त्या जागेवरच सांगणे इष्ट आहे.

शेवटी वर्गाचे पाच-पाच मुलांचे गट पाडावेत. प्रत्येक गटात एक चांगले लिहिणारे, एक चांगले बोलणारे व एक मागे राहणारे मूल असावे. प्रत्येक गटाकडे वही, पेन्सिल, पाच मीटर सुतळी व एक काम द्यावे.

५. प्रत्यक्ष सहल

(अ) फाटक व हिरवळ. आत शिरताच इमारतीकडे धाव घेऊ देऊ नये. दहा मिनिटे हिरवळीच्या कडेला बसून सर्व आवार नुसते पाहावे. १९ एकर म्हणजे किती, हे येथे विचारावे. शेतकऱ्याच्या मुलाला एकराची कल्पना असते. ४० गुंठ्यांचा एक एकर, तर १९ एकरांचे गुंठे किती? ७६० गुंठ्यांत घर किती व मोकळी जागा किती? आपल्या शिवारात एवढी जमीन असती तर तीत काय काय पेरले असते?

यापुढचा प्रश्न पाण्याचा. पुण्यास वर्षाला साधारण ७० ते ७५ सेंटिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. पौष महिन्यात गावाकडील माळ पिवळा पडला असताना येथील गवत हिरवे कसे? त्यासाठी पाणी लागते, खत लागते व रोज कोणीतरी राबावे लागते. बागेत माळी काम करीत असल्यास त्यांची परवानगी घेऊन दोन मुलांनी त्यांस विचारावे : पाणी केव्हा देता, गवत किती दिवसांनी कापता, कोणते झाड सर्वांत जुने? मुलांनी त्यांना 'काका' किंवा 'मावशी' म्हणून आदराने बोलावे व निघताना नमस्कार करावा. मोठे घर व मोठी बाग अनेकांच्या श्रमावर उभी असते, हे या भेटीतून जेवढे कळते तेवढे व्याख्यानातून कळत नाही.

(आ) इमारत. ओसरीची लांबी पावलांनी मोजावी व सुतळीने पडताळावी. कमानी मोजाव्यात. एका गटाने कमानीचे रेखाचित्र काढावे. भर दुपारी बाहेरच्या उन्हात व ओसरीच्या सावलीत उभे राहून फरक अनुभवावा. ओसरी कशासाठी बांधतात याचे उत्तर त्यांना तेथेच मिळेल. आपल्या घराची पडवी व ही ओसरी यांचे काम एकच, हेही ध्यानात येईल.

आतील दालनांतून छायाचित्रे व वस्तू मांडल्या आहेत. सर्व चित्रांपाशी थांबण्याचा प्रयत्न करू नये. प्रत्येक गटाने एकच चित्र निवडावे, पाच मिनिटे पाहावे व त्यात दिसणाऱ्या दहा गोष्टी लिहाव्यात. गांधीजींचे वास्तव्य असलेल्या खोलीपाशी आल्यावर मुलांनी तेथील वस्तू मोजाव्यात. एवढ्या मोठ्या इमारतीत राहणाऱ्या माणसाजवळच्या वस्तू किती थोड्या, हे मुलांच्या आपोआप लक्षात येते. कोठेही हात लावू नये व भिंतीवर काहीही लिहू नये, ही सूचना आत शिरण्यापूर्वीच द्यावी.

(इ) भोजन. परवानगी असलेल्या जागीच शिदोरी सोडावी. सर्वांनी गोल बसावे व भाकरी-भाजी वाटून घ्यावी. कागद व उष्टे आपल्याबरोबर परत न्यावे.

(ई) समाध्या. भोजनोत्तर विश्रांतीनंतर येथे यावे. प्रथम सर्वांनी दोन मिनिटे शांत उभे राहावे. नंतर शिक्षकाने महादेवभाईंची हकिकत सांगावी. सहा दिवसांपूर्वी सोबत आलेला माणूस गेला; त्याचे दहन तुरुंगाच्याच आवारात करावे लागले; ती तारीख १५ ऑगस्ट होती. पाच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला, हे मुले स्वतःच सांगतील. शिक्षकाने सांगण्याची घाई करू नये.

त्यानंतर कस्तुरबांची हकिकत सांगावी. विवाहास साठ वर्षांहून अधिक काळ लोटलेली दोन माणसे एकाच तुरुंगात होती व त्यांपैकी एकच बाहेर पडले. एवढेच सांगितले तरी पुरे. कस्तुरबांना केवळ 'गांधीजींच्या पत्नी' म्हणून सांगू नये. अटक झाली त्या दिवशी त्या मुंबईच्या शिवाजी पार्कवरील सभेत भाषण करण्यासाठी निघाल्या होत्या, आणि तत्पूर्वी दक्षिण आफ्रिकेत व भारतातही त्यांनी कारावास सोसला होता. त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्मारक न्यासाचे कार्य मुख्यतः खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी आहे. आपल्याच जिल्ह्यात सासवड येथे प्रेमा कंटक यांनी हे कार्य केले.

६. मुख्य प्रश्नाची चर्चा

समाध्यांजवळून थोडे दूर, सावलीत वर्ग बसवून हा पाठ घ्यावा. संभाषण पुढील रीतीने चालविता येईल.

शिक्षक : या घरातील काय काय आवडले?
विद्यार्थी : बाग आवडली. कमानी आवडल्या. ओसरी आवडली, तिथे पावसातसुद्धा खेळता येईल.
शिक्षक : येथे राहावयास आवडेल का?
विद्यार्थी : हो, गुरुजी!
शिक्षक : बरे. आता एक अट घालू. बागेत हवे तेवढे हिंडा, पण फाटकाबाहेर जावयाचे नाही. घरी केव्हा जाता येईल, ते कोणी सांगणार नाही.
विद्यार्थी : आई भेटायला आली तर?
शिक्षक : भेटू द्यावयाचे की नाही, ते दुसरे कोणी तरी ठरवील.
विद्यार्थी : मग नको.
दुसरा विद्यार्थी : आमच्या बैलाला चारा-पाणी चांगले असते, गुरुजी. पण रात्री दाव्याला बांधतातच ना!

असे एखादे उत्तर आले की शिक्षकाने थांबावे. 'म्हणजे स्वातंत्र्य हे सर्वश्रेष्ठ होय' असे सार सांगून फळ्यावर लिहिण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो टाळावा. मुलाने दाव्याचा दृष्टांत स्वतः शोधला आहे. तो शिक्षकाच्या वाक्यापेक्षा अधिक काळ त्याच्याजवळ राहील.

चौकस मूल याउलट शंकाही काढील : "दुसऱ्या कैद्यांना तर असे घर नव्हते. मग गांधीजींचे बरेच होते की!" ही शंका उद्धटपणाची समजून दडपू नये, ती न्याय्य आहे. १९४२ च्या चळवळीत हजारो स्त्री-पुरुषांनी साध्या तुरुंगांत दिवस काढले. येथून जवळच असलेल्या येरवड्याच्या तुरुंगात स्वतः गांधीजींनीही यापूर्वी अनेकदा कारावास भोगला होता. मुलांना हे सांगून पुढील गोष्ट सांगावी. कस्तुरबांच्या निधनानंतर, मार्च १९४४ मध्ये, गांधीजींनी सरकारला लिहिलेल्या पत्रात हाच मुद्दा मांडला आहे. एवढी मोठी वास्तू व एवढा मोठा पहारा म्हणजे सार्वजनिक पैशाचा अपव्यय असून, आपण कोणत्याही तुरुंगात समाधानाने राहू, असा त्या पत्राचा आशय आहे. तो पैसा कोणाचा होता? करातून कोण देत होते? आपल्या शाळेची खडू-फळ्याची रक्कम कोठून येते? हे प्रश्न मुलांपुढे ठेवून चर्चा संपवावी. उत्तरे गावी परतल्यावर आली तरी चालेल.

७. अन्य विषयांशी समन्वय

गणित : ९ ऑगस्ट १९४२ पासून ६ मे १९४४ पर्यंत किती दिवस झाले? फेब्रुवारी १९४४ चे दिवस मोजताना लीप वर्ष विसरणाऱ्या मुलाचे उत्तर एका दिवसाने चुकेल. अटकेचा दिवस न धरता ६३६ दिवस येतात. राजवाडा बांधल्यापासून जनतेस अर्पण होईपर्यंत किती वर्षे झाली? ७७. महादेवभाईंचा जन्म व राजवाड्याचे बांधकाम ही दोन्ही एकाच वर्षीची. यावरून दोहोंचे १९४२ मधील वय काढावे.

भूगोल : मुंबई ते चिंचवड लोहमार्ग नकाशावर दाखवावा. वाटेत कोणता घाट लागतो? आपल्या गावाहून पुण्यास जाण्याचा मार्ग काढून त्यावरील नद्या लिहाव्यात.

भाषा : निबंधाऐवजी पत्र लिहून घ्यावे. 'मी बंदिवासात आहे व घरी पत्र लिहीत आहे' असे कल्पून दहा ओळी लिहाव्यात. त्यात बाग, ऋतू व आठवण यांचा उल्लेख यावा.

परिसर अभ्यास : खाली पडलेली पाच प्रकारची पाने गोळा करून झाडे ओळखावीत. झाडावरील पान तोडू नये. सुतळीने एका मोठ्या वृक्षाचा घेर मोजून नोंदवावा व शाळेजवळच्या वडाशी किंवा पिंपळाशी तुलना करावी.

८. अनुवर्ती कार्य

सहलीनंतरचा पहिला तास गैरहजर राहिलेल्या मुलांचा समजावा. आजारामुळे अगर अन्य कारणाने जी मुले आली नसतील, त्यांनी प्रश्न विचारावेत व गटांनी उत्तरे द्यावीत. न पाहिलेल्याला समजेल अशा रीतीने पाहिलेले सांगता येणे, ही निरीक्षणाची खरी परीक्षा होय.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक गटाने आपली वही पूर्ण करावी. रेखाचित्रे, मोजमापे, पाने, माळीकाकांशी झालेले बोलणे व पत्रे यांचे एक हस्तलिखित तयार करून शाळेत ठेवावे. पुढील वर्षीच्या वर्गाने सहलीपूर्वी ते वाचावे व त्यातील चुका जागेवर तपासाव्यात.

शेवटी मुलांना आपल्या गावातील जुन्या वास्तूकडे वळवावे. पाटलाचा वाडा, जुनी चावडी, धर्मशाळा किंवा पायऱ्यांची विहीर प्रत्येक गावात काही ना काही असते. ती कोणी बांधली, कोणी राबून उभी केली, कोणाला आत येण्याची मुभा होती व कोणाला नव्हती, हे प्रश्न मुलांनी गावातील वृद्धांस विचारावेत. राजवाड्यात शिकलेले प्रश्न गावात विचारता आले, तर सहल सार्थकी लागली असे म्हणता येईल.

९. शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

ऐकीव गोष्ट व निश्चित घटना यांतील भेद मुलांसमोर स्पष्ट ठेवावा. 'असे सांगतात' व 'असे घडले' हे दोन शब्दप्रयोग जपून वापरावेत. थोर पुरुषांविषयी बोलताना ते आरंभापासून अलौकिकच होते, असे चित्र उभे करू नये. सत्तरी ओलांडलेल्या कस्तुरबा भूगोलाची नावे विसरत, ही गोष्ट मुलांना त्यांच्या अधिक जवळ नेते. राजवाडा बांधणाऱ्यांविषयी अथवा तो देशास अर्पण करणाऱ्यांविषयी अनादराचे उद्गार निघू देऊ नयेत. तसेच मुलांच्या धर्म-जातीवरून कोणतेही विधान चर्चेत येणार नाही, याची काळजी घ्यावी.

सहलीचे मूल्यमापन करताना किती स्थळे पाहिली व किती छायाचित्रे काढली, हे विचारू नये. पंधरा दिवसांनी वर्गात एवढेच विचारावे : राजवाड्याविषयी तू घरी कोणाला काय सांगितलेस? ज्याने आईला किंवा आजीला काही सांगितले असेल, त्याच्या ठायी तो पाठ रुजला, असे समजण्यास हरकत नाही. आणि हा प्रश्न विचारताना वर्गातील सर्व मुलांना काही ना काही सांगता यावे, एकही मूल 'मी आलोच नव्हतो' म्हणून खाली मान घालून बसू नये, एवढे झाले तरी शिक्षकाच्या श्रमांचे चीज झाले असे म्हणता येईल.